आंत्रावरोधाचे उपशमन : पिलोर ते स्टेंट

फ्रान्समधील रूआं येथील शस्त्रवैद्य पिलोर यांच्यापुढे १७७६ साली एक विलक्षण रुग्ण आला. तो मद्याचा व्यापारी होता व गुदाशयातील कर्कार्बुदाने त्याचा मलमार्ग बंद झाला होता. पारा स्वतःच्या भाराने अडथळा दूर करतो, या तत्कालीन समजुतीनुसार त्यास सुमारे दोन पौंड पारा पाजण्यात आला. तो बाहेर पडलाच नाही. तेव्हा पिलोर यांनी उदराच्या उजव्या बाजूस छेद घेऊन मोठ्या आतड्याचा आरंभभाग उघडला व त्वचेस जोडला. रुग्णास तत्काळ आराम पडला. काही आठवड्यांनी तो मरण पावला, परंतु शवविच्छेदनात कृत्रिम द्वार निर्दोष आढळले. सडले होते ते पाऱ्याच्या ओझ्याने खाली ओढले गेलेले लहान आतडे. शस्त्राने तारले आणि औषधाने मारले, असाच हा प्रकार होय.

या घटनेचे खरे महत्त्व निराळे आहे. लित्र यांनी १७१० साली अशी कल्पना मांडली होती, पण ती जन्मतः गुदद्वार नसलेल्या बालकांसाठी. पिलोर यांनी अर्बुदास हात न लावता केवळ क्लेश दूर केले. तथापि पर्युदरास छेद देण्याच्या भीतीने हा मार्ग दीर्घकाळ ओस पडला. आम्युसा यांनी १८३९ साली कमरेच्या बाजूने आतडे उघडण्याची रीत पुरस्कारिली, तीही याच भीतीपोटी. लिस्टर यांच्या जंतुनाशक पद्धतीनंतर भय ओसरले. पोटावरील मलद्वार मात्र रुग्णाच्या वाट्यास राहिलेच.

ते टाळण्याचा प्रयत्न म्हणजे स्टेंट. (हे नाव चार्ल्स स्टेंट या इंग्रज दंतवैद्यावरून पडले, हा भाषेचा एक खेळच!) १९९१ साली दोहमोतो यांनी गुदाशयाच्या कर्करोगजन्य अवरोधात धातूची जाळीदार नळी वापरल्याचे प्रसिद्ध केले. दुर्बिणीच्या व क्ष-किरणांच्या साह्याने अरुंद भागातून तार सरकवून तिच्यावरून मिटलेली नळी नेतात; ती आपोआप उमलते. छेद लागत नाही, म्हणून ज्याचे आयुष्य थोडे उरले त्यास ती विशेष मोलाची. परंतु आतडे फुटणे, नळी सरकणे, तिच्यात अर्बुद वाढणे, हे धोके आहेत. नेदरलँड्समधील एक तौलनिक चाचणी आतडी फुटल्यामुळे मुदतीपूर्वीच थांबवावी लागली. तिचा वृत्तांत २००८ साली प्रसिद्ध झाला. अर्बुद गुदद्वाराच्या अगदी लगत असल्यास नळीने वेदना व सततची शौचभावना होते. अशा रुग्णास आजही बहुधा पोटावरील द्वारच सुचवले जाते.