गवताने केलेला पराभव

जयाचे श्रेय माणसाला द्यायचे आणि पराजयाचे खापरही त्याच्याच माथी फोडायचे, ही आम्हा इतिहासाच्या मास्तरांची जुनी खोड. मी नुसता मॅट्रिक. रॅकेट उभ्या जन्मात हाती धरलेली नाही. तरी माझी ती खोड मोडली टेनिसने.

२००१ साली, ऐन विशीत, विम्बल्डनचा अंतिम सामना मी शेजाऱ्यांच्या टीव्हीवर पाहिला. इव्हानिसेविच विरुद्ध राफ्टर. सर्व्हिस करायची, चेंडूपाठोपाठ जाळ्याकडे धाव घ्यायची आणि परत आलेला चेंडू टप्पा पडण्याआधीच मारायचा, ही दोघांचीही रीत. पुढच्याच वर्षी ह्युइट आणि नालबंदियन झुंजले ते मागच्या रेषेवरून. पुढे मास्तर झाल्यावर मी वर्गात बेधडक सांगत असे, "जुन्यांची हिंमत नव्यांत उरली नाही."

एकदा सामना पाहताना नजर खेळाडूंवरून हिरवळीवर गेली. पूर्वी गवत पार जाळ्यापर्यंत झिजलेले दिसे. आता मागच्या रेषेपाशीच माती उघडी पडली होती. मग शोध घेतला. २००१ साली तेथील पेरणी बदलून निव्वळ राय गवत आले होते. हेतू खेळ बदलण्याचा नव्हता. हिरवळ टिकावी, एवढाच. पण चेंडू अधिक उंच उसळू लागला आणि परतवणाऱ्याला क्षणाची उसंत मिळाली.

रॅकेटच्या तातीही पालटल्या होत्या. १९९७ साली कुएर्तेनने फ्रेंच स्पर्धा जिंकली ती पॉलिएस्टरच्या तातींवर. त्यांनी चेंडूला अशी फिरकी मिळते, की जोरकस फटकाही रेषेच्या आत बुडी मारतो आणि जाळ्याशी आलेल्याच्या पायाशी पडतो. तिथे नुसती हिंमत काय करणार?

पण म्हणून माणूस हतबल ठरतो असेही नाही. सगळेच मागे सरले, तेव्हा पुढची जागा मोकळी राहिली. अल्काराझने ती हेरली. जोरदार फटक्याचा आव आणून तो चेंडू अलगद जाळ्यापलीकडे टाकतो. २०२३ साली वीस वर्षांच्या या पोराने विम्बल्डनला जोकोविचला पाच सेटमध्ये नमवले, त्यातही हे हत्यार होतेच.

मी वर्गातले ते वाक्य मागे घेतले. नापास होऊन समोर उभ्या राहिलेल्या मुलाला "तुझ्यात जिद्द नाही" असे आता पटकन म्हणवत नाही. आधी त्याच्या पायाखालची जमीन पाहतो.