उठाव गेलेलं बटण

एमएस-सीआयटी केलेल्यांना जुनं बटण आठवत असेल. करड्या रंगाचं, वरून डावीकडून उजळ, खालून उजवीकडून काळसर. दाबलं की आत गेल्यासारखं दिसायचं. २००१ साली स्थापन झालेल्या, पुण्यात मुख्यालय असलेल्या एमकेसीएलच्या या संगणक-अभ्यासक्रमात लाखो मराठी माणसं माउस धरायला शिकली, ती असल्याच बटणांवर.

हा उठावही काही मूळचा नव्हे. १९८५ चं विंडोज १.० जवळपास सपाटच होतं. १९९० च्या विंडोज ३.० नं बटणांना उजेड-सावली दिली. पुढे ॲपलनं हौसेचा कळस केला: आयपॅडच्या कॅलेंडरला टाके घातलेलं चामडं, पुस्तकांना लाकडी फळ्या!

२०१० मध्ये विंडोज फोन ७ नं हा सगळा साज उतरवला. प्रेरणा होती स्विस अक्षरमांडणीची आणि स्टेशन-विमानतळांवरच्या दिशाफलकांची. २०१२ मध्ये विंडोज ८, २०१३ मध्ये आयओएस ७, आणि सपाटपणाच रूढ झाला. ही नुसती फॅशन नव्हती. पडद्यांच्या आकारांचे प्रकार इतके वाढले, की प्रत्येकासाठी चामड्याचं वेगळं चित्र कोण काढत बसणार? शिवाय नक्षी हटल्यावर मजकुराला ऐसपैस जागा मिळाली.

पण कडाच नसेल तर बटण ओळखायचं कशावरून? २०१७ मध्ये वापरसुलभता तपासणाऱ्या नील्सन नॉर्मन ग्रुपच्या चाचणीत अशा पुसट खुणांच्या पानांवर लोकांना सरासरी २२ टक्के जास्त वेळ लागला. गूगलच्या २०१४ च्या मटेरियल डिझाइननं थोडी सावली परत आणली आणि नुसत्या शब्दांची बटणं कॅपिटल अक्षरांत लिहिली. आपली गोची झाली ती इथे. देवनागरीत कॅपिटल अक्षरं नाहीत. इंग्रजीतलं ‘कॅन्सल’ मोठ्या अक्षरांत उठून दिसतं. मराठीतलं ‘रद्द करा’ वरच्याच वाक्याची शेपटी वाटतं. मग सगळी भिस्त रंगावर, आणि मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांना फिका निळा रंग दिसेल तर शपथ. सदाशिव पेठेतल्या आजी-आजोबांना फोन शिकवणाऱ्या नातवंडांना विचारा. “अरे, पण दाबायचं कुठं?” हा प्रश्न आजोबांच्या बुद्धीचा नाही, पडद्याच्या रचनेचा आहे.

२०१४ मध्येच ॲपलनं आयओएस ७.१ मध्ये बटणांना आकार परत देणारी सोय केली. ती सेटिंग्जमध्ये आहे, दोन-चार सपाट याद्या ओलांडल्यावर.