वृंदावनाचा रंग

पावसाळा सरला, दिवाळीचा फराळ संपत आला, की आमच्या मुलुंडच्या चाळीत एक काम हमखास निघे. अंगणातलं तुळशी वृंदावन रंगवायचं. कार्तिक शुद्ध द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत तुळशीची लग्नं. शेवाळलेल्या, पोपडे सुटलेल्या वृंदावनात नवरीला कसं उभं करायचं?

रंग दोनच, गेरू आणि चुना. कळीचा चुना भिजवून ठेवायचा, फडक्यातून गाळायचा, त्यात चिमूटभर नीळ टाकायची. हा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा चुनखडी बनतो, म्हणजे विटांवर दगडाचाच पातळ थर बसतो. गेरू म्हणजे लोहाचा ऑक्साइड असलेली माती. उन्हाने तिचा रंग विटत नाही. पाऊस मात्र दोघांनाही धुऊन नेई. म्हणून तर दरवर्षीचा सण हेच डागडुजीचं वेळापत्रक होतं.

ही रीत एका धर्मापुरती नव्हती. साष्टीच्या ईस्ट इंडियन गावठाणांत रस्त्याकडेचे क्रूस दिसतात. त्यांतले कित्येक १८९६ साली आलेल्या प्लेगच्या साथीच्या काळात उभारलेले. तेही पिढ्यान्‌पिढ्या गावकऱ्यांनीच रंगवून जपले.

पुढे अंधेरी-घाटकोपर १९५० साली आणि बोरिवली-मुलुंड १९५७ साली बृहन्मुंबईत आले. वाड्या गेल्या, इमारती आल्या आणि डब्यातला रंग आला. १९४२ साली मुंबईत चार मित्रांनी सुरू केलेल्या एशियन पेंट्सचा कारखाना पुढे आमच्या शेजारच्या भांडुपला उभा राहिला. आर. के. लक्ष्मण यांनी १९५४ साली काढलेला खट्याळ गट्टू हातात ब्रश घेऊन घरोघरी पोहोचला. आमचं वृंदावनही ऑईलपेंटने हिरवंगार झालं. एकदा लावला की तीन-चार वर्षं बघायला नको!

पण जुन्या विटांना ते मानवलं नाही. तुळशीला रोज पाणी घालतो, ती ओल विटांत मुरते. चुन्यातून ती बाहेर पडते, ऑईलपेंटखाली कोंडते. मग फुगे येतात, पोपडे सुटतात, आतला गिलावा भुसभुशीत होतो. दुसरी गोष्ट शिशाची. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नको, हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीचे थर कोरडेच खरवडले, तर ती धूळ मुलांच्या पोटात जाऊ शकते.

आमची चाळ पुनर्विकासात गेली. वृंदावन मात्र सगळ्यांनी हट्टाने नव्या इमारतीच्या आवारात आणलं. मुलांना लांब ठेवून, तोंडाला मास्क बांधून, पाणी मारत मारत आम्ही जुने थर काढले. आधी हिरवा, मग गुलाबी, मग निळा आणि सगळ्यांत खाली गेरू. तो अजून तांबडाच होता.

यंदा आम्ही पुन्हा चुना भिजवला. दरवर्षी रंगवावं लागेल, हे खरं. पण त्या निमित्ताने सहाव्या मजल्यावरची माणसंही खाली अंगणात उतरतील.