केसरबाई केरकर यांचें अप्रकाशित गायन व संग्राहकांचें कर्तव्य

जुन्या कागदांच्या शोधांत ज्यांनीं आयुष्य वेंचलें त्यांस दप्तराच्या धन्याच्या दारांतून रिकाम्या हातीं परतण्याचा अनुभव नवा नाहीं. रुमाल माळ्यावर आहे हें ठाऊक असतें, त्यांत अमुक बखर आहे हेंहि कर्णोपकर्णीं आलेलें असतें. परंतु धनी रुमाल सोडीत नाहीं. थोर गायकांच्या अप्रकाशित ध्वनिमुद्रणांच्या बाबतींत संगीतरसिकांची आज हीच अवस्था झाली आहे. या प्रश्नाचा विचार संशोधकाच्या दृष्टीनें व्हावा, म्हणून सुरश्री केसरबाई केरकर यांचें उदाहरण आम्ही येथें घेतों.

केसरबाईंचा जन्म १८९२ सालीं गोमंतकांत केरी गांवीं झाला. १९२१ पासून त्यांस अल्लादियाखांसाहेबांची तालीम मिळाली. खांसाहेब १९४६ सालीं मुंबईस वारले. त्यांची एकहि तबकडी निघाली नाहीं. त्यांच्याजवळ शिकलेले भास्करबुवा बखले १९२२ सालींच निवर्तले; त्यांचाहि आवाज मागें उरला नाहीं. अर्थात् त्या गायकीची प्रत्यक्ष साक्ष ज्या थोड्या कंठांतून मिळावयाची, त्यांत केसरबाईंचा कंठ अग्रभागीं येतो.

ही साक्ष आपणांपाशीं आहे किती? त्या काळची तबकडी एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटें वाजे. जो राग मैफलींत तासभर उलगडावयाचा, तो तींत कोंबावा लागे. मूळ बखर हरवून तिचा गोषवारा तेवढा हातीं यावा, तसा हा प्रकार होय. बाईंची भैरवींतील एक चीज १९७७ सालीं अमेरिकेच्या दोन व्हॉयेजर यानांवरील सुवर्णतबकडींत घातली गेली. त्यांपैकीं व्हॉयेजर १ हें यान ५ सप्टेंबरला निघालें आणि १६ सप्टेंबरला बाई निवर्तल्या. ती चीजहि साडेतीन मिनिटांचीच आहे.

पुढें ध्वनिफितीचीं यंत्रें खासगी घरांत आलीं व त्या पिढीच्या बैठकी दीर्घकाळ मुद्रित होऊं लागल्या. बाईंच्या मैफलींच्याहि अशा फिती कोणा कोणापाशीं आहेत, असें रसिकांत नेहमीं बोललें जातें. कोणता राग कोणाच्या कपाटांत आहे याची चर्चा चालते, ऐकावयास मात्र मिळत नाहीं. एका संग्राहकानें आम्हांस दुसऱ्या एका ज्येष्ठ गवयाच्या बैठकीची फीत दाखविली. डबा हातीं दिला, वरील राग व तारीख वाचूं दिली, आणि फीत न वाजवितां कपाट लाविलें. आम्हांस विषाद वाटला नाहीं असें म्हणणें खोटें होईल.

तथापि संग्राहकांची बाजूहि ऐकिली पाहिजे. पुष्कळ गायकांस मुद्रण मान्य नसे. जें त्यांनीं मोजक्या श्रोत्यांपुढें गाइलें तें बाजारांत मांडणें विश्वासघाताचें होईल, हा आक्षेप वजनदार आहे. विश्वासानें दिलेल्या प्रतीचा परभारें व्यापार झाल्याच्या तक्रारीहि खोट्या नाहींत. कायद्याचाहि प्रश्न आहे. १९५७ च्या कायद्याप्रमाणें ध्वनिमुद्रणावरील स्वामित्वाचीं साठ वर्षें प्रकाशनानंतरच्या वर्षारंभापासून मोजतात. अप्रकाशित फितीची मोजणी सुरूच होत नाहीं.

परंतु फीत नासण्याचें काम प्रकाशनाची वाट पाहात नाहीं. चांगल्या हातकागदावरील पोथी कोरडी राहिल्यास तीनशें वर्षेंहि टिकते. जुनी ॲसिटेटची फीत दमट हवेंत शिरक्याचा वास सोडूं लागते, आकसते, ठिसूळ होते; तीवर बुरशी चढते. ती वाजविणारीं यंत्रें व तीं दुरुस्त करणारे कारागीरहि विरळ होत आहेत. पोथीचा धनी हट्टी निघाला तर पुढील पिढी तरी ती वाचते. फितीचा धनी हट्टी निघाला तर पुढील पिढीच्या हातीं मुका डबा येतो.

म्हणून प्रकाशन आणि रक्षण या दोन गोष्टी निराळ्या मानाव्या, असें आमचें मत आहे. प्रकाशन करावें कीं नाहीं हें धनी, वारस व कायदा यांनीं ठरवावें. त्यांत आम्ही हात घालीत नाहीं. परंतु फितीची यादी करणें, तिची नवी प्रत उतरून घेणें आणि ती प्रत, हवी तर अटींच्या मोहरेखालीं, एखाद्या संस्थेंत ठेवणें हें संग्राहकाचें कर्तव्य आहे. यादी प्रसिद्ध झाल्यानें कोणाचा विश्वास मोडत नाहीं, आणि रसिकांचा निम्मा रोष तेवढ्यानेंच शमेल.

राजवाड्यांनीं १८९८ सालीं साधनांचा पहिला खंड छापिला. सरदेसायांनीं १९३० ते १९३४ या काळांत पेशवे दप्तरांतील निवडक कागदांचे ४५ भाग काढिले. हें घडलें, कारण कागद तोंपर्यंत जिवंत राहिले होते. ज्यांच्या कपाटांत फिती आहेत त्यांनीं यंदाच्या पावसाळ्यापूर्वीं निदान एक डबा उघडून पाहावा, ही आमची विनंति आहे.