सदोष आणि विद्रूप नाणी

सदोष नाणे म्हणजे टांकसाळीत घडवताना झालेल्या चुकीमुळे ठरलेल्या नमुन्यापेक्षा वेगळे निघालेले नाणे. टांकसाळीतून निर्दोष बाहेर पडलेले, परंतु पुढे वापरात झिजलेले, वाकलेले, कापलेले किंवा भोक पाडलेले नाणे विद्रूप नाणे होय. दोन्ही प्रकारची नाणी दुकानाचा गल्ला, एसटी वाहकाची पिशवी, देवळाची दानपेटी, नदीचा घाट अशा नित्याच्या ठिकाणी सापडतात. यांखेरीज शेतात किंवा जुन्या वस्तीच्या मातीत मिळणारी गंजलेली प्राचीन नाणी हा तिसरा वर्ग आहे. दिसायला ही सर्व नाणी सारखीच ‘खराब’ वाटली, तरी त्यांचे चलनमूल्य, संग्राहकांच्या दृष्टीने असलेले मूल्य आणि ऐतिहासिक मूल्य वेगवेगळे असते.

टांकसाळीतील दोष

आधुनिक नाणे तयार करताना धातूच्या पत्र्यातून गोल चकत्या कापतात, त्या तापवून मऊ करतात, त्यांची कड उचलून घेतात आणि मग दोन ठशांमध्ये दाबून दोन्ही बाजूंवर एकाच वेळी छाप उमटवतात. यांपैकी कोणत्याही टप्प्यावर दोष राहू शकतो.

* पत्रा नीट पुढे न सरकल्यास चकतीचा एक भाग अर्धवर्तुळाकार कापला जातो.
* चकती ठशांच्या मध्यभागी न बसल्यास छाप एका बाजूला सरकतो आणि उरलेला भाग कोरा राहतो.
* आधीचे नाणे ठशाला चिकटून राहिल्यास पुढच्या चकतीच्या एका बाजूवर त्याच नाण्याची उलटी आणि खोलगट प्रतिमा उमटते.
* नाणे ठशांतून बाहेर न पडता पुन्हा दाबले गेल्यास दुहेरी छाप उमटतो.
* ठशाला तडा गेल्यास नाण्यावर उंचवट्याची बारीक रेघ दिसते.
* एका मूल्याची चकती दुसऱ्या मूल्याच्या ठशाखाली गेल्यास वजन व आकार जुळत नाही.

भारतीय नाण्यांवर सालाखाली टांकसाळीची खूण असते. मुंबईसाठी चौकट, हैदराबादसाठी तारा व नोएडासाठी ठिपका अशा खुणा प्रचलित असून कोलकात्याच्या नाण्यांवर खूण नसते. त्यामुळे सालाखालील जागा रिकामी असणे हा दोष नव्हे.

वापरातील बदल

टांकसाळीतील दोष आणि नंतरचे नुकसान यांतील फरक धातूच्या पृष्ठभागावरून ओळखता येतो. छापाच्या वेळी दोष राहिला असल्यास धातू ठशाखाली वाहून स्थिरावलेला असतो. नंतरच्या आघातात अक्षरे व चित्र चिरडलेले, खरवडलेले किंवा ताणलेले दिसते. रेल्वेच्या रुळावर चपटे झालेले नाणे पातळ व लांबट होते आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे चित्र पसरते. आगीत सापडलेले नाणे काळवंडते. दानपेटीतील नाण्यांवर हळदकुंकवाचे व तेलाचे थर साचतात. माळेत ओवलेल्या नाण्याच्या कडेवर कडी डाखल्याची खूण राहते.

काही नाणी मुळातच विचित्र दिसतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात धातूची टंचाई असल्याने १९४३ ते १९४७ या सालांचे काशाचे पैसे मध्यभागी मोठे भोक ठेवून पाडण्यात आले. ‘भोकाचा पैसा’ या नावाने ते ओळखले जात. त्यावरील मजकूर भोकाभोवती मांडलेला असतो, तर गळ्यात बांधण्यासाठी नंतर पाडलेले भोक चित्र किंवा अक्षरे छेदून जाते.

जुन्या रुपयांवरील लहान ठशांच्या खुणा बहुधा सराफांनी धातूची पारख करताना उठवलेल्या असतात. असे नाणे संग्राहकास विद्रूप वाटले, तरी ते कोणकोणत्या व्यवहारातून गेले याची ती साक्ष असते. व्यवहारात नाणे वाजवून घेण्याची रीत याच पारखीचा भाग होती. ‘खणखणीत नाणे’ हा वाक्प्रचार तिच्यातूनच रूढ झाला.

चलन म्हणून वैधता

नाणे अधिनियम, २०११ नुसार एक रुपया व त्यावरील मूल्याची नाणी एका व्यवहारात १,००० रुपयांपर्यंत, तर पन्नास पैशांची नाणी १० रुपयांपर्यंत वैध चलन आहेत. मात्र नाणे विद्रूप केलेले नसावे आणि त्याचे वजन विहित मर्यादेखाली गेलेले नसावे, अशी अट आहे. नाणी वितळवणे किंवा नष्ट करणे यासाठी सात वर्षांपर्यंत कारावास व दंडाची तरतूद आहे. पंचवीस पैसे व त्याखालील मूल्याची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून बाद झाली.

वेगळे दिसणारे नाणे खोटे समजून नाकारण्याचे ठळक उदाहरण दहा रुपयांच्या नाण्याचे आहे. पिवळसर कडे व पांढरी चकती असलेल्या या नाण्यांपैकी काहींवर रुपयाचे चिन्ह आहे, काहींवर नाही. त्यामुळे एक नमुना खरा व दुसरा बनावट, अशी अफवा देशाच्या अनेक भागांत पसरली. भारतीय रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये तोवर निघालेले सर्व १४ नमुने वैध असल्याचे स्पष्ट केले. नाणे नाकारले गेल्याचा भुर्दंड बहुधा रोजच्या सुट्ट्या पैशांवर व्यवहार करणाऱ्यालाच बसतो.

याउलट, किरकोळ नाण्याला लाखो रुपये मिळतील असे आमिष दाखवून आगाऊ शुल्क उकळण्याचे प्रकारही घडतात. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये, आपल्या नावाचा वापर करून जुन्या नोटा व नाण्यांच्या खरेदी-विक्रीसाठी शुल्क मागणाऱ्यांपासून सावध राहण्याचा इशारा दिला.

वर्धा जिल्हा व विदर्भ

विदर्भात शेतीच्या ‘काळी’हून निराळी अशी वस्तीची जमीन ‘पांढरी’ म्हणून ओळखली जाते. प्राचीन वस्तीच्या पांढरीच्या टेकाडांवर पावसानंतर किंवा नांगरटीच्या वेळी खापरे, मणी व नाणी उघडी पडतात. वर्धा जिल्ह्यात धाम नदीच्या काठी वसलेले पवनार हे असेच प्राचीन स्थळ आहे. वा. वि. मिराशी यांनी वाकाटकांची राजधानी प्रवरपूर म्हणजे पवनार असे मत मांडले. इतर काही अभ्यासक प्रवरपूर मनसर येथे मानतात. नागपूर विद्यापीठाने १९६७ मध्ये पवनारला उत्खनन केले.

झिजलेल्या नाण्यांचे महत्त्व तऱ्हाळा येथील साठ्यावरून ध्यानात येते. १९३९ मध्ये तत्कालीन अकोला जिल्ह्यातील (आता वाशीम जिल्हा) या गावी सातवाहनांची सुमारे १,६०० पोटीन नाणी सापडली. पोटीन हा तांबेप्रधान मिश्रधातू असून त्याला सोन्याचांदीची किंमत नसते. चकती ठशापेक्षा लहान असल्याने या नाण्यांवर लेखातील काहीच अक्षरे उमटतात. मात्र अनेक नाणी शेजारी ठेवल्यावर एकावर सुटलेले अक्षर दुसऱ्यावर मिळते आणि राजाचे नाव पूर्ण होते. अशा वाचनातून मिराशींनी पुराणांच्या राजावलीत न आढळणारी कुंभ सातकर्णी व कर्ण सातकर्णी ही नावे पुढे आणली. हा साठा मोडीत गेला असता किंवा एकेक करून विकला गेला असता, तर हे वाचन शक्य झाले नसते.

सापडलेल्या नाण्यांची हाताळणी

चिंच, लिंबू, राख किंवा आम्लाने घासल्यास नाण्यावरील संरक्षक थर व त्यासोबत अस्पष्ट अक्षरेही नष्ट होतात. त्यामुळे माती लागलेले नाणे न घासता कोरड्या कागदात ठेवणे, सापडल्याची जागा व तारीख टिपणे आणि एकत्र मिळालेली नाणी वेगळी न करणे अभ्यासाच्या दृष्टीने आवश्यक असते.

भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ नुसार जमिनीत दडलेली १० रुपयांहून अधिक मूल्याची वस्तू सापडल्यास शोधणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे बंधनकारक आहे. निधी बेवारस ठरल्यास व वेगळा करार नसल्यास शोधणाऱ्यास तीन चतुर्थांश व जमीनमालकास एक चतुर्थांश वाटा मिळतो. शासनाने तो घ्यायचे ठरवल्यास धातूच्या किमतीसह तिचा एक पंचमांश अधिक द्यावा लागतो. माहिती दडवल्यास शोधणाऱ्याचा वाटा शासनाकडे जातो व तो शिक्षेसही पात्र ठरतो.