बदकाची अंडी इन्क्युबेटरमध्ये कशी उबवतात?
खाकी कॅम्पबेल किंवा इंडियन रनर ही बदकं अंडी भरपूर देतात, पण सहसा खुडूक बसत नाहीत. म्हणून परसात बदकं वाढवायची, तर अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवावी लागतात, नाहीतर इन्क्युबेटरमध्ये. कोंबडीची पिल्लं २१ दिवसांत निघतात, बदकांची २८. मस्कोव्हीला सुमारे ३५ दिवस लागतात. पंखा असलेल्या यंत्रात तापमान ३७.५ अंश सेल्सिअस ठेवतात.

खरी अडचण ओलाव्याची. आर्द्रता सुरुवातीला ५५ ते ६० टक्के आणि शेवटचे तीन दिवस ७० टक्क्यांच्या आसपास लागते. दिंडोरीकडे एप्रिल-मेमध्ये हवा कोरडी असते. शेवटच्या दिवसांत यंत्रातलं पाणी आटलं, तर कवचाखालचा पापुद्रा सुकतो आणि टोच मारलेलं पिल्लू आतच अडकतं. नवख्यांनी पावसाळ्यात सुरुवात केलेली बरी. वीज जाते, तेव्हा इन्व्हर्टर मात्र हवाच.

अंडी दिवसातून तीन-चारदा फिरवा, २५व्या दिवशी थांबा. सातव्या दिवशी अंधारात अंड्याला टॉर्च लावून पाहा. लाल शिरा दिसल्या, तर जीव धरलाय. कवचाला भोक पडल्यावर पिल्लू बाहेर यायला कधी पूर्ण दिवसही लागतो. तोवर झाकण उघडू नका.

यंत्रात जन्मलेल्या पिल्लांना आईच्या पिसांचं तेल मिळत नाही. पहिले काही आठवडे त्यांना पोहायला सोडलं, तर ती भिजून गारठतात.