चौरंगीवरचा मोठा कागद

वहीत झरझर माणसं काढणाऱ्या मुलासमोर पहिल्यांदा मॉडेल बसवलं, आणि बोर्डावर पूर्ण इम्पिरियल कागद, म्हणजे २२ बाय ३० इंचांचा, लावून दिला की एक गोष्ट हमखास घडते. डोकं थोडं मोठं होतं, धड खाली खाली सरकतं आणि पावलं कागदाबाहेर जातात. वहीतली रेघ मनगटातून निघते, इथे ती खांद्यातून यावी लागते. कोळशाची कांडी हलक्या हाताने धरायची, हात ताठ करून एका डोळ्याने डोक्याची उंची मोजायची, उभ्या शरीरात ते माप कितीदा बसतं ते पाहायचं (साधारण साडेसात वेळा) आणि दर थोड्या वेळाने चार पावलं मागे जाऊन चित्र न्याहाळायचं. बोर्डाला चिकटून काम करणाऱ्याला स्वतःची चूक दिसतच नाही.

कोलकात्यात हा अभ्यास विद्यार्थ्यांच्या हातात आयता पडला नाही. तो टिकला तो त्यांच्या हट्टामुळे.

चौरंगीवर, इंडियन म्युझियमला लागून असलेल्या सरकारी कला महाविद्यालयाची सुरुवात १८५४ साली चितपूरच्या गरानहाटा भागात झाली. तेव्हा ती कारागीर घडवणारी खासगी शाळा होती. १८६४ मध्ये ती सरकारने हाती घेतली आणि हेन्री होव्हर लॉक तिचे प्राचार्य झाले. लंडनच्या साऊथ केन्सिंग्टनची पायरी-पायरीची पद्धत इथे रुजली: आधी छापील नमुन्यावरून रेखाटन, मग ग्रीक-रोमन मूर्तींच्या प्लास्टरच्या प्रतिकृती आणि शेवटी जिवंत माणूस. ही चढण कंटाळवाणी होती खरी. पण प्रकाश अंगावरून कसा वळतो हे त्या पांढऱ्या पुतळ्यांनीच मुलांना शिकवलं.

१८९६ मध्ये ई. बी. हॅवेल शाळेचे प्रमुख म्हणून आले. भारतीय मुलांनी युरोपची नक्कल का करावी, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. त्यांनी प्लास्टरचे पुतळे हलवले, अभ्यासक्रमाचा रोख भारतीय कलेकडे वळवला आणि पुढे कलादालनातली युरोपीय चित्रंही काढून टाकली. विद्यार्थी मात्र बिथरले. आपल्याला खरं शिक्षण नाकारून पुन्हा कारागिरीत ढकललं जातंय, असं त्यांना वाटलं. रणदाप्रसाद गुप्त तर शाळा सोडून बाहेर पडले आणि १८९७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवी वर्षात, त्यांनी ज्युबिली आर्ट अकॅडमी काढली. जिवंत देहाच्या अभ्यासाला सरकारी इमारतीबाहेर आसरा मिळाला तो असा.

यातला मापाचा भाग सहसा कुणी बोलून दाखवत नाही. हॅवेल यांच्या पाठबळाने भारतीय शैलीकडे वळलेले चित्रकार अवनींद्रनाथ ठाकूर यांची १९०५ सालची ‘भारतमाता’ आज भिंतभर छापली जाते, पण मूळ चित्र जेमतेम २७ बाय १५ सेंटिमीटरचं आहे. वॉश पद्धतीच्या त्या धुक्यासारख्या रंगांना लहान कागदच मानवतो. त्या चित्राची थोरवी निर्विवाद आहे. तरी पूर्ण उंचीची आकृती उभी करण्याची ज्याची तहान आहे, त्याला या शैलीत वाट नव्हती.

हेमेंद्रनाथ मजुमदार हे त्यातलेच. १९११ मध्ये पंचम जॉर्जच्या स्वागताच्या सजावटीला हात लावायला नकार देऊन ते सरकारी शाळेतून बाहेर पडले आणि ज्युबिलीत गेले. तिथलंही शिक्षण अपुरं वाटलं, तेव्हा त्यांनी देहरेखाटनाची पुस्तकं विलायतेहून मागवली. पुस्तक मिळालं तरी मॉडेल कुठून आणायचं? घरंदाज स्त्री परक्या चित्रकारासमोर बसेल, असा तो काळ नव्हता. ओल्या साडीतल्या स्त्रियांच्या ज्या चित्रांनी हेमेनबाबूंना नाव मिळालं, त्यांसाठी त्यांच्या पत्नी सुधारानी बसत. बॉम्बे आर्ट सोसायटीने त्यांना पारितोषिकं दिली, म्हणजे मुंबईने हा हात लवकर ओळखला होता. त्याच मुंबईत १९१९ मध्ये जे. जे. कलाशाळेचे प्रमुख ग्लॅडस्टन सॉलोमन यांनी तिथे विवस्त्र मॉडेलवरून अभ्यासाचा वर्ग, म्हणजे लाइफ क्लास, सुरू केला. सरकारी संस्थेनेच असं पाऊल उचललं, हे जे. जे.च्या विद्यार्थ्यांचं भाग्य. जे. जे.त शिकलेले सासवण्याचे शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर यांनी तर उमेदीची वर्षं कोलकात्यातच स्टुडिओ थाटून घालवली.

अतुल बसूही ज्युबिलीत घडले. १९२४ मध्ये ते शिष्यवृत्तीवर लंडनच्या रॉयल अकॅडमीत गेले. परतल्यावर अचूक रेखाटनाचा आग्रह त्यांनी आयुष्यभर धरला, आणि १९४५ मध्ये चौरंगीवरच्या त्याच सरकारी शाळेची सूत्रं त्यांच्या हाती आली.

मधल्या काळात लाइफ क्लास रस्त्यावर आला होता. १९४३ च्या दुष्काळात खेड्यापाड्यांतून आलेली माणसं कोलकात्याच्या फूटपाथवर मरत होती. चौरंगीच्या शाळेत शिकून तिथेच शिकवणारे झैनुल आबेदिन तेव्हा तिशीच्या आत होते. त्यांनी पुड्या बांधायच्या स्वस्त कागदावर काळ्या शाईने आणि जवळजवळ कोरड्या ब्रशने ती माणसं काढली: बरगड्या, गुडघ्याची वाटी, कावळा, रिकामं भांडं. सावली नाही, मागचं दृश्य नाही. कातडीखाली हाड नेमकं कुठे असतं हे ज्याच्या हातात मुरलेलं आहे, त्यालाच एवढ्या थोड्या फटकाऱ्यांत उपासमार दाखवता येते. ती चित्रं आजही पाहवत नाहीत आणि नजर हलवताही येत नाही.

हेमेनबाबू, अतुल बसू आणि झैनुल हे तिघेही तेव्हाच्या मयमनसिंह जिल्ह्याचे. फाळणीनंतर झैनुल ढाक्याला गेले आणि १९४८ मध्ये त्यांनी तिथे कलाशाळा उभारली. पुढे त्यांनी बंगालच्या शेतकऱ्याची भरभराट आणि वाताहत ‘नबान्न’ या सुमारे ६५ फूट लांबीच्या पटावर मांडली. १९७० च्या नोव्हेंबरात चक्रीवादळाने किनारपट्टी धुऊन नेली, तेव्हा त्यांनी तिथल्या मृतांसाठी ३० फुटांचा आणखी एक पट केला, ‘मनपुरा’.